वाचकांचे प्रश्न : घरच्या बागेतली पहिली भाजी

घरी प्रथमच भाजीपाला लावलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांचा सूर पुष्कळदा एकच असतो : झाडाला काहीतरी झाले आहे, तर आता त्याला काय घालू? म्हणून उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कुंडीतल्या किंवा छोट्या वाफ्यातल्या झाडांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ ऊन, पाणी आणि मुळांना मिळणारी जागा यांत सापडते. खताचा आणि औषधाचा विचार त्यानंतर करायचा असतो. पुढील उत्तरे याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच बियांपासून टोमॅटो आणि मिरचीची रोपे तयार करायला घेतली. बिया छान उगवल्या. परंतु खिडकीत ठेवलेली रोपे उंच, बारीक आणि फिकट होत गेली, आणि त्यांतली काही एके सकाळी मातीलगत मोडून आडवी पडलेली दिसली. उरलेली रोपे वाचवता येतील का?

उत्तर : तुमच्या ट्रेमध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. रोपे उंच आणि किडकिडीत झाली ती उजेडाच्या ओढीने. आपले डोळे कमी उजेडाला इतके सरावतात की खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो. प्रत्यक्षात मोकळ्या आभाळाखालच्या उजेडाच्या मानाने तो फारच थोडा असतो. कोंब मातीबाहेर डोकावताच रोपांना चांगला उजेड मिळायला हवा. आता त्यांना सकाळचे कोवळे ऊन दाखवा, पहिल्या दिवशी तासभर, आणि पुढच्या आठवडाभरात ही वेळ हळूहळू वाढवा. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलेल्या नाजूक रोपांची पाने पांढरी पडून करपतात. टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्याच्या खोडाचा जो भाग मातीत जातो त्याला मुळे फुटतात, त्यामुळे लांबलेले रोप मोठ्या कुंडीत लावताना पहिल्या खऱ्या पानांपर्यंत, म्हणजे बीजदलांनंतर येणाऱ्या पानांपर्यंत, खोल लावता येते. मिरचीच्या रोपाकडून मात्र हीच अपेक्षा धरू नका. ते आधी होते साधारण तेवढ्याच खोलीवर लावावे.

रोपे आडवी पडली त्याला रोपे कोलमडणे किंवा रोपमर असे म्हणतात. पडलेले रोप उचलून मातीलगतचा भाग नीट पाहा : वरची दोन पाने अजून हिरवी असतात, पण तेथे खोड तपकिरी, पाणावलेले आणि दोऱ्यासारखे बारीक झालेले दिसते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या सूक्ष्म जीवांचे हे काम असून, त्यांना सतत ओली राहणारी माती, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा मानवते. पडलेली रोपे सुधारत नाहीत. ती भोवतालच्या चिमूटभर मातीसह काढून टाका, उरलेल्यांची गर्दी कमी करा, ट्रे वारा खेळेल अशा जागी ठेवा आणि मातीचा वरचा थर सुकल्याखेरीज पाणी देऊ नका. पाणी द्यायचे तेही ट्रे थोडा वेळ उथळ पाण्यात ठेवून खालून द्यावे, म्हणजे खोडालगतचा भाग कोरडा राहतो. पुढच्या वेळी धुतलेला ट्रे आणि ताजे मिश्रण वापरा, आणि बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवरच पेरा. टोमॅटो-मिरचीसाठी याचा अर्थ अर्धा सेंटिमीटर किंवा थोडे अधिक, इतकाच होतो.

प्रश्न : रोज सकाळी न चुकता पाणी घालूनही वांग्याची आणि मिरचीची पाने पिवळी पडत आहेत. झाडे दुपारी मान टाकतात, म्हणून हल्ली संध्याकाळीही पाणी घालते. खत कमी पडत असेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात मातीविषयी एक शब्दही नाही, आणि नेमके तेच आधी पाहायला हवे. बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसा. तेथे ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले, तर कुंडीच्या तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा हे पुष्कळ चांगले, कारण वरचेवर दिलेल्या पाण्याने वरचा थर ओला राहतो, आणि मुळेही तेथेच घुटमळतात.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की प्राणवायूअभावी मुळे कुजू लागतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. मग भरपूर पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडाप्रमाणेच मान टाकते. आपण आणखी पाणी घालतो आणि मुळे आणखी कुजतात. दुपारी सुकलेले झाड ऊन उतरल्यावर आपोआप ताठ झाले, तर ते केवळ उन्हाचा ताण टाळत होते असे समजावे आणि त्याला तसेच राहू द्यावे. परंतु सकाळीही ते मलूल असेल आणि माती ओली असेल, तर पाणी थांबवून तळाची छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे. निचऱ्यासाठी तळाशी खडे भरण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी खाली जाड खड्यांचा थर लागला की तेथेच अडते, आणि ओलीचा थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर खापरीचा किंवा जाळीचा तुकडा ठेवला, की माती वाहून जात नाही, तेवढे पुरते. निचरा सुधारायचा तो सगळी माती सैल आणि भुसभुशीत करून, तिच्यात चांगले कुजलेले कंपोस्ट आणि थोडे कोकोपीट मिसळून.

खताची शंका तरीही उरली, तर आधी कोणती पाने पिवळी आहेत ते पाहा. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पालवीला पुरवते, म्हणून आधी खालची पाने सरसकट पिवळी होतात. लोह असे एका पानातून दुसऱ्याकडे सहज नेता येत नाही, त्यामुळे त्याच्या अभावी शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अगदी खालचे एखादे पान वयोमानाने पिवळे होऊन गळत असेल, तर काहीच करायला नको.

प्रश्न : माझी टोमॅटोची झाडे माझ्या खांद्याएवढी, गर्द हिरवी आणि घनदाट झाली आहेत. दर आठवड्याला मी त्यांना पाण्यात विरघळणारे खत देतो. फुलेही येतात, परंतु देठासकट गळून पडतात. ज्या एका झाडाला दोन-तीन फळे धरली, त्यांचा तळ काळा पडला आहे. एवढी निगा राखूनही असे का व्हावे?

उत्तर : तुमच्या झाडाची हिरवीगार वाढच पहिला धागा हाती देते. खताच्या पाकिटावर जे तीन आकडे छापलेले असतात, ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण सांगतात. पहिला आकडा मोठा असलेले खत वारंवार दिले, की झाड पाने आणि फांद्या वाढवण्यात गुंतून राहते. महिनाभर खत पूर्ण थांबवा, आणि नंतर द्यायचेच झाले तर पालाश अधिक असलेले, तेही पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे, पंधरवड्याने एकदा द्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. पालक किंवा कोथिंबीर तीन-चार तासांच्या उन्हावर भागवून घेते, पण फळे धरणाऱ्या भाज्यांना दिवसाला किमान सहा, शक्यतो आठ तास थेट ऊन हवे असते. अंदाजावर विसंबू नका. एखाद्या मोकळ्या दिवशी दर तासाला जाऊन कुंडीवर ऊन आहे की सावली, हे कागदावर टिपून ठेवा. तुमच्या जागेविषयी याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

आणि तिसरी गोष्ट तापमान. टोमॅटोचे परागकण उष्णतेला हळवे असतात. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर राहू लागले, की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फळ न धरता फूल गळते. रात्रीचे तापमान १२-१३ अंशांखाली गेले तरी असेच होते. अशा काळात दुपारपुरती विरळ सावली करावी, मुळांवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे आणि हवामान बदलण्याची वाट पाहावी. झाड निरोगी असेल, तर पुढच्या घोसाला फळे धरतात.

ऊन आणि हवामान ठीक असूनही फुले गळत असतील, तर फुलाकडे जवळून पाहा. टोमॅटोच्या पिवळ्या फुलाच्या मध्यभागी पुंकेसर एकमेकांना चिकटून एक निमुळता शंकू झालेला असतो, आणि पराग त्या शंकूच्या आतल्या बाजूला मोकळा होतो. तो बाहेर पडण्यासाठी फूल थरथरावे लागते. मोकळ्या जागी हे काम वारा करतो. शिवाय भुंग्यासारख्या काही मोठ्या मधमाश्या फुलाला धरून आपले स्नायू वेगाने कंपित करतात आणि पराग अंगावर झाडून घेतात. साध्या मधमाशीला हे जमत नाही. तीन बाजूंनी बंद असलेल्या गच्चीत किंवा जाळी लावलेल्या बाल्कनीत वारा आणि भुंगे दोन्ही पोचत नाहीत. तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास, हवा कोरडी असताना, फुलांच्या घोसामागच्या देठाला बोटाने हलकेच टिचक्या मारा. चालू केलेल्या बॅटरीच्या टूथब्रशची मागची बाजू देठाला क्षणभर टेकवली, तर पिवळसर धूळ उडालेली कधी कधी डोळ्यांना दिसते. नर आणि मादी भाग त्याच एका फुलात असल्याने एवढे पुरे होते.

फळाचा तळ काळा पडणे हा संसर्गजन्य रोग नाही, म्हणून त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडल्याने तेथील पेशी कोसळतात. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसे असते. पण ते मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढते, आणि एक दिवस कोरडी ठाक, तर दुसऱ्या दिवशी चिंब अशी मातीची अवस्था असेल, तर वाढत्या फळापर्यंत वेळेवर पोचत नाही. अतिरिक्त नत्रानेही हा त्रास वाढतो. ओल सारखी ठेवा, आणि झाड लहान कुंडीत असेल तर पुढच्या वेळी एका टोमॅटोला १५ ते २० लिटर माती मावेल एवढी कुंडी द्या. छोट्या कुंडीतली ओल उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही. अंड्याची टरफले मातीत टाकायला हरकत नाही, पण ती फार सावकाश विरघळतात आणि या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग होत नाही. काळी पडलेली फळे तोडून टाका, म्हणजे झाडाची शक्ती पुढच्या फळांना मिळेल.

प्रश्न : काकडी आणि दुधीचे वेल मांडवभर पसरले आहेत. फुले भरपूर येतात. पण काही नुसतीच गळतात आणि काहींच्या मागचे छोटे फळ पिवळे पडून सुकते. वेल वांझ आहेत का?

उत्तर : वेल वांझ नाहीत, आणि कृपा करून ते उपटू नका. या कुळातल्या बहुतेक वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फूल साध्या, बारीक देठावर असते. मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे फळाचे हुबेहूब रूप असते, काकडीला काकडीचे आणि दुधीला लवदार दुधीचे. वेल सुरुवातीला काही दिवस केवळ नर फुले देतो आणि ती गळतातच. कडक उष्णता, मोठे दिवस आणि नत्राचा मारा यांमुळे नर फुलांचे प्रमाण वाढते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

मागचे छोटे फळ पिवळे पडून सुकते, त्याचे नेहमीचे कारण म्हणजे मादी फुलापर्यंत पराग पोचला नाही. तो तुम्ही स्वतः पोचवू शकता, आणि नव्याने बाग करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करून पाहावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी फूल केव्हा उमलते हे माहीत हवे. काकडी, लाल भोपळा, कारले आणि घोसाळे यांची फुले पहाटे किंवा सकाळी उमलतात, आणि पराग ताजा असतानाच, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, हे काम उरकावे. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात. दुधीचे पांढरे, चुरगळलेल्या मलमलीसारखे फूल ऊन कलल्यावर उघडते, रात्रभर टिकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल होते. संध्याकाळी त्याच्यावर पतंग येतात. पण उंच मजल्यावरच्या गच्चीत ते येतीलच असे नाही. सकाळी उठून दुधीची फुले तपासणाऱ्या माणसाला म्हणूनच ती नेहमी कोमेजलेली दिसतात, आणि वेलात काही दोष आहे असा त्याचा समज होतो.

त्याच दिवशी उमललेले एक नर फूल देठासह खुडा आणि त्याच्या पाकळ्या अलगद काढून टाका, म्हणजे मधला परागांनी भरलेला दांडा मोकळा होईल. बोटाला लावून पाहा, पिवळी पूड लागली पाहिजे. मग मादी फुलाच्या मधोमध असलेल्या, खाचांनी विभागलेल्या चिकट कुक्षीवर तो दांडा सगळ्या बाजूंनी हळुवार फिरवा. एका बाजूलाच पराग लागला, तर एकाच बाजूच्या बिया धरतात आणि फळ वाकडे किंवा एका टोकाला बारीक होते. एका नर फुलाचा पराग दोन-तीन मादी फुलांना सहज पुरतो. पराग लावलेल्या मादी फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधून ठेवा. चार-पाच दिवसांत फळ फुगू लागले आणि त्याचा देठ जाड झाला, तर फळ धरले असे समजावे. काकडीच्या काही आधुनिक जाती परागाविनाच फळ धरतात; बियांच्या पाकिटावर तशी नोंद असेल, तर हे श्रम करण्याची गरज नाही.

एक सूचना येथेच देतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. दुधी, काकडी किंवा दोडक्याची चव कडू लागली, तर ते फळ खाऊ नये आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत, आणि त्यांच्यामुळे तीव्र उलट्या, जुलाब व रक्तस्राव होऊ शकतो. फळ चिरताना एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहण्याची सवय ठेवावी. कारले स्वभावतःच कडू असते, त्याची गोष्ट वेगळी.

प्रश्न : शेंगांच्या वेलाच्या शेंड्यांवर काळ्या बारीक किड्यांचे थर जमले आहेत आणि त्यांच्यावर मुंग्याही फिरतात. कोणते औषध मारावे?

उत्तर : हा मावा आहे. अनुकूल हवामानात त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले देतात आणि ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात, म्हणून काल मोकळा असलेला शेंडा आज भरलेला दिसतो. मुंग्या माव्याने टाकलेल्या गोड द्रवासाठी येतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलून लावतात.

औषधाआधी भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो थर मोठा करून पाहा. फुगून सोनेरी-तपकिरी झालेले, कागदासारखे कोरडे आणि पाठीवर नेमके गोल छिद्र असलेले काही मावे दिसतील. त्यांच्या पोटात एका सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढून बाहेर पडलेली असते. काळपट, मगरीच्या आकाराची, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली, तर ती ढालकिड्याची असते आणि तिचे अन्न मावाच आहे. नव्या बागकरांच्या हातून हीच अळी कीड समजून सर्वांत जास्त मारली जाते. यांपैकी काही दिसले, तर आठवडाभर थांबा. नसेल, तर शेंडा एका हाताने आधार देऊन पाण्याच्या धारेने धुऊन काढा, आणि हे तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा करा. खाली पडलेला मावा बहुधा परत चढत नाही. तरीही आटोक्यात न आल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि सौम्य द्रवरूप साबणाचे काही थेंब घुसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबावे.

प्रश्न : मुळ्याला पाने छान आली, पण खाली मुळा धरलाच नाही. सुरुवातीला कोणत्या भाज्या लावाव्यात?

उत्तर : मुळ्याला दाटी सोसत नाही. उगवून आठवडा झाला, की दोन रोपांत पाच-सात सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करा; काढलेली कोवळी रोपे खाता येतात. सावली, फार नत्र किंवा कडक ऊन यांमुळेही नुसता पाला वाढतो. मुळा आणि गाजर नेहमी जागेवरच पेरावे, त्यांची रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत, कारण मूळ दुखावले की ते फाटे फोडते. सुरुवातीला पालक, मुळा, चवळी किंवा घेवडा आणि एखादी मिरची एवढेच लावा. पालक आणि मुळा महिना-दीड महिन्यात हाती येतात, आणि शेंगवर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या साहाय्याने हवेतले नत्र स्वतःच मिळवतात, म्हणून त्यांचे खतावाचून भागते. टोमॅटोला जागा, आधार आणि लक्ष पुष्कळ लागते. एक झाड लावावे, सहा लावू नयेत.

प्रश्न : यंदाच्या चांगल्या टोमॅटोचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येईल का?

उत्तर : ते मूळ पाकिटावर अवलंबून आहे. त्यावर संकरित किंवा एफ-१ असे लिहिलेले असेल, तर त्या बियांची झाडे एकसारखी होत नाहीत. मेंडेल या शास्त्रज्ञाने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत गुण विभागले जातात. संकरित नसलेल्या टोमॅटोचे बी मात्र खुशाल ठेवा, कारण तो बहुतांशी स्वपरागित, म्हणजे आपल्याच परागाने फळ धरणारा, असतो. दुधी, काकडी, भोपळ्याचे तसे नाही. आसपासच्या दुसऱ्या जातीचा पराग आला, तर पुढच्या पिढीचे फळ वेगळे आणि क्वचित कडूही निघू शकते.

टोमॅटोचे झाडावरच पूर्ण पिकलेले फळ घ्या. गर आणि बिया वाटीत काढून, थोडे पाणी घालून, दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या, म्हणजे उगवण रोखणारे बुळबुळीत आवरण सुटते. तळाशी बसलेल्या बिया धुऊन ताटलीत पसरून सावलीत खडखडीत वाळवा; कागदावर त्या चिकटतात. घट्ट झाकणाच्या बाटलीत, जातीचे नाव आणि तारीख लिहून, थंड व कोरड्या जागी ठेवल्या तर चार वर्षे सहज टिकतात. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा, आणि आठ-दहा दिवसांनी किती उगवल्या ते मोजा. निम्म्याच उगवल्या, तर प्रत्येक खळग्यात एकाऐवजी दोन-तीन बिया टाकाव्यात.